‘सीट लॉक’ करणाऱ्या साहेबांस

प्रति,
माननीय प्रवेश-मार्गदर्शक साहेब,
वरिष्ठ समुपदेशक, प्रवेश विभाग,
यांच्या सेवेशी



मुक्काम निडी, तालुका रोहा, जिल्हा रायगड येथून हे पत्र लिहीत आहे. पनवेलहून रोह्याकडे येताना नागोठणं गेलं की रोह्याच्या आधी आमचं स्टेशन लागतं. कोकण रेल्वे सुरू होते ती पुढे रोह्यापासून, म्हणजे आम्ही तिच्या उंबऱ्याच्या अलीकडचे. लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्याकडे न बघता निघून जातात, थांबते ती मेमू. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाचा मोबाईल नंबर, त्याच्या मुलीचं नाव आणि तिचे सीईटीचे पर्सेंटाइल आपल्याला निकाल लागला त्याच संध्याकाळी ठाऊक होते. जूनमधली गोष्ट, साल २०२४. घरात अजून तिच्या मामालाही कळवलं नव्हतं. पेढ्यांच्या आधी आपला फोन आला. एवढी आस्था कोण दाखवतो हल्ली?

आपण पहिल्याच वाक्यात मला ‘काका’ म्हणालात आणि मुलीला ‘मॅडम’. सतरा वर्षांच्या मुलीला मॅडम म्हणणारा माणूस तिचं भलंच करणार, अशी आमच्या सौभाग्यवतींची खात्री पटली. मग आपण ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलंत: ‘काका, इंटिग्रेटेड आहे, बीसीए आणि एमसीए एकत्र. पाच वर्षांत दोन डिग्र्या. पोरीचा टाइम वाचतो. सीट लॉक करून टाका.’

साहेब, मी धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये हिशेब ठेवतो. किती ड्रम आले, किती गेले, किती गळले, एवढंच माझं गणित. त्या गणिताने मी आपला प्रस्ताव तपासला. बीसीए तीन वर्षांचं. एमसीए पूर्वी तीन वर्षांचं असायचं, ते २०२० पासून दोन वर्षांचं झालं. तीन आणि दोन पाच, आणि आपला एकत्रित अभ्यासक्रमही पाच. वाचलेला वेळ मी सगळ्या रकान्यांत शोधला, पण तो कुठेच जमा झालेला दिसेना. पूर्वीच्या तीन वर्षांच्या एमसीएतही कॉम्प्युटरच्या पदवीधराला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळायचा, म्हणजे तेव्हाही बेरीज पाचच व्हायची. जे सगळ्यांनाच मिळतं ते फक्त आपल्यालाच मिळतंय असं वाटायला लावणं ही विद्या कुठल्या विद्यापीठात शिकवतात, तेवढं कळवावं. तिथे धाकट्याला घालतो.

आपण म्हणालात, ‘आयआयटीतसुद्धा हेच चालतं काका.’ अगदी खरं. आयआयटी मुंबईत पाच वर्षांची बीटेक-एमटेक दुहेरी पदवी आहे. बीटेक चार, एमटेक दोन, एरवी सहा वर्षं लागली असती. तिथे खरोखरच एक वर्ष वाचतं आणि शेवटचं वर्ष बरंचसं संशोधनाच्या प्रकल्पात जातं. आपल्याकडे वर्ष वाचत नाही आणि प्रकल्प कसा होतो ते पुढे सांगतो. पण ‘पाच’ हा आकडा दोन्हीकडे सारखाच आहे, आणि सारखेपणा शोधायला नजर लागते. ती आपल्याला आहे.

आपल्या रंगीत पुस्तिकेत गोव्याच्या बिट्सचाही मोठ्या आदराने उल्लेख होता. तिथली रीत मी मुद्दाम समजून घेतली. झुआरीनगरच्या त्या संकुलात एखादा मुलगा एमएस्सी गणिताला प्रवेश घेतो, वर्षभर शिकतो, आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर त्याला दुसरी पदवी मिळते ती अभियांत्रिकीची. कॉम्प्युटर सायन्स मिळेल नाहीतर दुसरं काही. दोन पदव्या दोन वेगळ्या विषयांच्या, आणि दुसरी कुठली ते पोराने वर्ष काढल्यावर ठरतं. किती गैरसोयीची पद्धत! शिकेपर्यंत थांबायचं म्हणजे काय? आपण मुलीला थांबवलंच नाहीत. डिपॉझिटची पावती फाटली त्याच टेबलावर पाचव्या वर्षाचा विषयही भरून टाकलात, ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’. तिने तोपर्यंत एकही प्रोग्रॅम लिहिलेला नव्हता. बारावीच्या ‘आयटी’त एचटीएमएलचे चार टॅग लिहिले होते तेवढेच. आपण मात्र तिच्या एकविसाव्या वर्षीची आवड ओळखलीत. आमच्याकडे असं भविष्य सांगणारे पोपटवाले असतात, पण ते दहा रुपयांत सांगतात आणि पोपट कार्ड तरी बदलू देतो.

आता मुलीचं दैव बघा. दुसऱ्या वर्षी तासावर येणाऱ्या एका बाईंनी तिला नेटवर्कची केबल कापायला, आठ तारा रंगाप्रमाणे लावायला, टोकाला जोडणी बसवायला शिकवलं. घरी आली ती हातात क्रिम्पर घेऊनच. ‘बाबा, दोन मशिन एकमेकांशी बोलतात कशी ते मला कळलं!’ असं ती रात्री जेवताना सांगत होती आणि भात गार होत होता. विषय बदलून मिळेल का म्हणून विचारायला गेली तर उत्तर आलं, ‘इंटिग्रेटेडमध्ये तशी प्रोव्हिजन नाही.’ आपले आभार मानावे तेवढे थोडे. नाहीतर ती उगाच आवडीचं शिकत बसली असती.

आपल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर ‘एनईपी कम्प्लायंट’ असा सोनेरी शिक्का आहे. तो पाहून मी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वाचलं. त्यात लिहिलंय की विद्यार्थ्याने एक वर्ष केलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षं केली तर डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी बहुविद्याशाखीय पदवी. चार वर्षं केलेल्याला मास्टर्स एका वर्षात, तीन वर्षं केलेल्याला दोन वर्षांत. म्हणजे कासूला उतरा, नागोठण्याला उतरा, निडीला उतरा, नाहीतर सरळ रोह्यापर्यंत जा. ज्याला जिथे काम आहे तिथे त्याने उतरावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढावं. मी सरकारी कागदांचा फारसा चाहता नाही, पण ही कल्पना मला आवडली. आमच्यासारख्यांच्या घरात पाच वर्षांत काय काय होतं. बाप आजारी पडतो, कारखाना बंद पडतो, मुलीला बरी नोकरी लागते. उतरायला मिळालं पाहिजे.

आपणही ती कल्पना स्वीकारलीत, फक्त एक हमीपत्र जोडलंत. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीच्या सहीनिशी: ‘अभ्यासक्रम मध्येच सोडल्यास उर्वरित वर्षांचे संपूर्ण शुल्क भरण्यास मी बांधील राहीन.’ धोरण म्हणतं उतरा, हमीपत्र म्हणतं उतरा पण रोह्यापर्यंतचं तिकीट काढून. दोन्ही कागदांवर आपलाच शिक्का आहे. असा समतोल आमच्या ग्रामपंचायतीलाही कधी साधला नाही.

तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडायची चूक मुलीकडून होऊ नये म्हणून आपण किती दक्ष आहात! नाहीतर बाहेर काय काय चालतं ते तिला कळलं असतं. विप्रोसारखी कंपनी बीसीए आणि बीएस्सी झालेल्या मुलांना नोकरीवर घेते आणि नोकरी करता करता त्यांचं एमटेक करवून घेते. आधीच्या काळात हे बिट्सच्या साथीने चालायचं, नव्वदच्या दशकापासून. मास्टर्सची फी कंपनी भरते आणि वर पोराच्या हातात दरमहा पैसे येतात. त्यालाही पदवी आणि नोकरी एकत्र म्हणतात, पण त्यात बापाचा काहीच सहभाग राहत नाही. बापाला कुटुंबातून असं वगळणं आपल्याला पटणार नाही हे मी जाणतो. आपल्या योजनेत मी पाचही वर्षं केंद्रस्थानी आहे.

एक विषय नाजूक आहे, तरी मांडतो. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवलं की ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या ज्या मुली केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना जातील, आणि ज्यांच्या घराचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, त्यांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. खासगी विद्यापीठांतल्या जागा त्यात धरलेल्या नाहीत. आमच्या घरात मुलगी होती, दाखला होता, उत्पन्न आठ लाखांच्या इतकं आत होतं की ते आत आहे हे सांगायला दाखल्याचीही गरज नव्हती, आणि सीईटीचे गुण होते. फक्त जागा आपल्याकडे लॉक होती. फुकट शिकणाऱ्या मुलीच्या बापाची समाजात काय किंमत राहते? तीन हप्त्यांत फी भरणाऱ्याला लोक विचारतात तरी, ‘काय हो, या वर्षी किती?’ आपण माझी इज्जत राखलीत.

मी आपल्याकडे आलो तेव्हा आपण चहा मागवलात. पैसे परत मागताच चहा आला, पैसे ‘पॉलिसीमध्ये बसत नाहीत’ म्हणालात. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षासाठी स्पष्ट सांगितलं होतं: ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर फार तर एक हजार रुपये कापायचे. मी त्या परिपत्रकाची प्रत काढून नेली होती. आपण ती दोन्ही हातांनी घेतलीत, कपाळाला लावायची तेवढी बाकी ठेवलीत आणि म्हणालात, ‘काका, हे जनरल आहे. आपलं इंटिग्रेटेड आहे.’ मग मान्यवरांच्या सह्या बाकी होत्या. सह्या करणारे मान्यवर परगावी होते. ते आले तेव्हा केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या. घाई करून मन कलुषित करू नये, हे तत्त्व आपण आचरणात आणून दाखवलंत.

त्या आयोगाविषयी एक सांगतो, आपल्याला रस वाटेल. १९५६ ते १९६१ त्या आयोगाचे अध्यक्ष होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले आणि आमच्या रोह्याने कायम आपलेच मानलेले. त्यांच्या नावाचं सभागृह रोह्यात आहे. हा माणूस केंब्रिजला गेला तो निसर्गविज्ञान शिकायला, तिथे वनस्पतिशास्त्रातलं बक्षीस मिळवलं, मग आयसीएसच्या परीक्षेत पहिला आला, मग रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला, मग देशाचा अर्थमंत्री. झाडापानांवरून नोटांवर! बारावीनंतर त्यांना आपण भेटला असता तर ‘इंटिग्रेटेड बॉटनी’त लॉक करून टाकलं असतं आणि देश एका उत्तम वनस्पतिशास्त्रज्ञाला मुकला नसता. नोटेवर सही कोणाची असती, तो प्रश्न किरकोळ आहे.

बँकेवरून आठवलं. आता श्रेयांकांचीही बँक आहे, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स. मुलांना बारा आकडी ‘अपार’ क्रमांक मिळतो. एका कॉलेजात मिळवलेले श्रेयांक तिथे जमा होतात आणि दुसरीकडे नेता येतात, असं शासन म्हणतं. मुलीच्या खात्यात मी डोकावलो तर पहिल्या वर्षाचे श्रेयांक अजून जमाच नव्हते. आपल्या कार्यालयातल्या ताईंनी सांगितलं, ‘पाच वर्षांचे एकदमच अपलोड करतो, स्टुडंटला कन्फ्यूजन नको.’ ही खरी मुदत ठेव. मधेच मोडता येत नाही आणि व्याजही नाही.

मूळ कागदपत्रांबद्दल तर कृतज्ञता व्यक्त करायला शब्द नाहीत. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, सगळं आपण सांभाळून ठेवलंत. आयोगाने २०१८ साली कळवलं आहे की पडताळणी झाली की मूळ कागद विद्यार्थ्याला लगेच परत द्यावेत, कोणत्याही संस्थेने ते अडकवून ठेवू नयेत. पण आयोगाला रायगडचा पाऊस माहीत नाही. कुंडलिकेला पूर आला की आमच्याकडे काय काय भिजतं. आपल्या तिजोरीत पाणी शिरत नाही. आमच्या घरात त्या कागदांचे पाय फुटून ते एखाद्या दुसऱ्या कॉलेजात गेले असते, हा धोकाही टळला.

अभ्यासाबद्दल थोडं. पाचव्या वर्षाला असलेल्या पोरांना मी मेमूत भेटतो, पनवेलपासून गप्पा होतात. त्यांच्याकडून कळलं की चौथ्या-पाचव्या वर्षाला शिकवायला तेच सर आहेत जे पहिल्या वर्षाला होते, आणि स्लाइडसुद्धा बऱ्याचशा त्याच, फक्त वर ‘ॲडव्हान्स्ड’ असं लिहिलेलं. पाच वर्षांचं सातत्य ते हेच. प्रकल्प बाहेर तयार मिळतो, अहवालासकट, बाइंडिंगसकट. मुखपृष्ठाचा रंग तेवढा आपला निवडायचा. एका पोराने सांगितलं, त्याच्या आणि त्याच्या मित्राच्या प्रकल्पात एकच चूक एकाच ओळीत निघाली. परीक्षकांनी दोघांना सारखेच गुण दिले. न्याय झाला.

युरोपात मात्र उलटी गंगा वाहिली आहे. जर्मनीत पूर्वी विद्यापीठाची एकच लांब, सलग पदवी असायची, बरीचशी आपल्यासारखी. १९९९ साली बोलोन्यात तिथल्या देशांनी घोषणापत्रावर सह्या केल्या आणि पुढे ती सलग पदवी मोडून बॅचलर वेगळं, मास्टर्स वेगळं असे दोन टप्पे केले. पोरांना मधे थांबून विचार करता यावा, गाव बदलता यावं, विषय बदलता यावा म्हणून. ती मंडळी जे फोडत होती ते आपण फेविकॉलने जोडलंत आणि वर ‘इंटरनॅशनल स्टँडर्ड’ लिहिलंत. यावर तिकडच्या प्राध्यापकांनी आपल्याला व्याख्यानाला बोलवायला हवं. हप्ते कसे ठरवायचे हा विषय घ्या.

खरं म्हणजे आपला सार्वजनिक सत्कारच व्हायला हवा. आमच्या रोह्यात ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलिस सशस्त्र मानवंदना देतात. एखाद्या वर्षी आपण जरा पुढे उभे राहा, आपल्यालाही पोलिसांकडून काही मिळतं का ते बघू. ग्राहक तक्रार निवारण आयोगाचाही मान आपल्याला लाभावा असा माझा प्रयत्न चालू आहे, अर्ज तयार आहे. त्यासोबत हमीपत्राची प्रत, अनुदान आयोगाचं परिपत्रक आणि आपल्या फोनचं रेकॉर्डिंग जोडलं आहे. त्यात आपण ‘काका, फुल रिफंडेबल आहे, माझ्यावर सोडा’ म्हणता तो भाग फार सुरेख आला आहे. आवाज स्वच्छ आहे, मागे मेमूची शिटीसुद्धा ऐकू येते.

मुलगी आता तिसऱ्या वर्षात आहे. तिला तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडायचं आहे. रीतसर लेखी अर्ज तिने दिलाय, पोच घेतली आहे, तारखेचा शिक्का आहे. पुढचं मास्टर्स ती ठरवेल तेव्हा, ठरवेल तिथे, नेटवर्कमध्येच करीन म्हणते. की आधी नोकरी करीन म्हणते, अजून तिचं नक्की नाही. तिचं नक्की नाही याचा मला केवढा आनंद आहे, हे आपल्याला समजावून सांगणं मला जमणार नाही.

तरी आपण कृपावंत होऊन पुढील गोष्टी कराव्यात ही विनंती: मूळ दाखले टपालाने पाठवू नयेत, मी स्वतः येऊन नेईन, श्रेयांक खात्यात जमा करावेत, आणि हमीपत्र कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली घेतलं ते एका ओळीत लिहून द्यावं. चहा नको.

कळावे, लोभ आहेच, तो आपला. माझा फक्त हिशेब आहे.

आपला कृपाभिलाषी,
एक काका,
निडी

ता. क. : काल दुपारी आपल्याच कार्यालयातून एका मधुर आवाजाच्या ताईंचा फोन आला होता. माझ्या धाकट्याची दहावी झाली हे त्यांना समजलंय. त्याच्यासाठी ‘अकरावी-बारावी अधिक बीटेक अधिक एमटेक’ अशी आठ वर्षांची एकत्रित योजना निघाली आहे म्हणाल्या, या आठवड्यात भरलं तर पहिल्या वर्षाला टॅब मोफत. मी त्यांना म्हटलं, त्यात लग्नाचं सभागृहही धरा, म्हणजे एकदाच काय ते भरून टाकतो. त्या म्हणाल्या, ‘सरांना विचारून सांगते.’ तेव्हा साहेब, विचारलं तर दर बरा लावा.